रबराचा मासा आणि खऱ्या माशाचं पोट

विषय छोटा वाटेल, पण आपल्या तलावाचा आणि खाडीचा आहे. म्हणून जरा लांबलचक लिहितोय, शेवटपर्यंत वाचा.

पवई, मढ, मार्वे, गोराई, वर्सोवा. सुट्टीच्या दिवशी यातल्या कुठल्याही काठावर जा, रॉड-रीळ घेऊन उभी असलेली मंडळी दिसतील. कणकेचा गोळा, गांडूळ किंवा कोळंबी लावणारे जुने लोक आहेतच. पण तरुणांच्या डब्यात आता सॉफ्ट प्लास्टिक ल्यूर असतात. मरळीसाठी रबरी बेडूक, जिताड्यासाठी शेपटी हलवणारा रबरी मासा. तिकडे कॅनडा-फिनलंडमध्ये लोक गोठलेल्या तळ्याला भोक पाडून नखाएवढी रबरी अळी खाली सोडतात. थंडीने सुस्तावलेला मासा पळणाऱ्या आमिषामागे जात नाही, त्याला जागच्या जागी थरथरणारं काहीतरी लागतं. थोडक्यात, वस्तू कामाची आहे. जिवंत आमिष मारावं लागत नाही, वास नाही, एक नग बराच वेळ चालतो. मी त्याच्या विरोधात नाही.

माझा मुद्दा आहे तुटल्यानंतरचा. ल्यूर खडकात अडकतो, तिवराच्या मुळांत अडकतो, जलपर्णीत अडकतो. दोरी तुटते. शेपटी फाटली की अर्धा तुकडा तिथेच पाण्यात टाकला जातो.

आता कोणी म्हणेल, पवईत सांडपाणी येतंय, खाडीत पिशव्यांचा खच आहे, आणि तुम्ही दहा ग्रॅमच्या रबरावर काय बोलता? वजनाचा हिशोब केला तर बरोबर आहे. पण पिशवी मासा चुकून खातो. ल्यूर मात्र त्याने खावा म्हणूनच बनवलेला असतो. रंग, आकार, कधी मीठ आणि वाससुद्धा त्यासाठीच. तो गळातून सुटला तरी त्याचं काम थांबत नाही, तळाशी पडल्या पडल्या चालूच राहतं.

अमेरिकेतल्या मेन राज्यात २००९ मध्ये ट्राउट माशांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. माशांनी हे तुकडे आपणहून गिळले आणि गिळलेल्यांचं वजन घटलं. २०१३ मध्ये तिथे रबरी ल्यूरवर बंदीचं विधेयक आलं. गळाने मासे धरणाऱ्यांनी जोरदार विरोध केला. शेवटी बंदी झाली नाही, लोकशिक्षणावर भर द्यायचं ठरलं. मला तो मार्ग पटतो, पण लोकशिक्षण खरोखर झालं तर.

हे रबर म्हणजे बहुतेक वेळा पीव्हीसी, आणि त्याला लुसलुशीत करणारं रसायन. यात थॅलेट वर्गातली रसायनं असू शकतात. तान्ही मुलं तोंडात घालतात त्या खेळण्यांमध्ये त्यातल्या काहींवर युरोपने १९९९ मध्येच बंदी घातली. पुरावा घरात बघायचाय? सॉफ्ट ल्यूर आणि कडक प्लास्टिकचा ल्यूर एकाच कप्प्यात महिनाभर ठेवा. कडक ल्यूरचा रंग चिकट होऊन वितळायला लागतो. जे डब्यातून झिरपतं, ते पाण्यात झिरपणार नाही का?

आपल्याकडे २०१८ ची राज्याची प्लास्टिकबंदी झाली, १ जुलै २०२२ पासून केंद्राचीही आली. थर्माकोल, स्ट्रॉ, चमचे, सगळं यादीत आहे, ल्यूर कुठेच नाही. तो यादीत टाका असं मी म्हणत नाही. बंदी घातली की माल चोरून येतो आणि काठावरची पोरं पोलिसांना बघून पळतात, एवढंच होतं. मागण्या साध्या आहेत.

एक, पवईच्या काठावर, वर्सोवा आणि मढच्या जेट्टीवर तुटलेली दोरी आणि ल्यूर टाकायला महापालिकेने बंद झाकणाच्या नळ्या बसवाव्यात. खर्च किरकोळ आहे. याच पवईच्या काठाने सायकल ट्रॅक करायला पालिका निघाली होती आणि मे २०२२ मध्ये हायकोर्टाने तो रद्द केला. त्या मानाने चार नळ्या म्हणजे काहीच नाही.

दोन, जिथे परवाना किंवा सदस्यत्व लागतं, तिथे त्या कागदावर एक ओळ छापा: जेवढं आणलं तेवढं परत न्या.

तीन, दुकानदारांनी पाकिटावरच्या ‘बायोडिग्रेडेबल’ शब्दाचा अर्थ गिऱ्हाईकाला सांगावा. किती दिवसांत, गोड्या पाण्यात की खाऱ्या? उत्तर नसेल तर तो शब्द नुसता रंग आहे.

आणि आपण काय करायचं? जिग हेडवर सुपरग्लूचा एक थेंब लावा, रबर घसरत नाही. फाटलेला भाग लायटरने किंचित तापवून जुळतो, फक्त धुरापासून तोंड लांब ठेवा. अगदीच कामातून गेला तर खिशात टाका. दोरीही गोळा करा, पाणकावळ्यांच्या पायात तीच गुंतते.

वर्सोव्याचा किनारा २०१५ पासून अफरोज शाह आणि त्यांच्यासोबतच्या लोकांनी हाताने कचरा उचलून साफ केला. तो कचरा त्यांनी केलेला नव्हता. हा तर आपण स्वतः केलेला आहे.

खाडीवर ज्या कोळी बांधवांचं पोट आहे, त्यांच्या जाळ्यात येणारा मासा आपल्या छंदाचं रबर पोटात घेऊन येऊ नये, एवढीच अपेक्षा. तोच मासा संध्याकाळी बाजारात येतो आणि आपल्याच ताटात पडतो.

पटलं तर तुमच्या गळवाल्या मित्रांपर्यंत पोहोचवा. नाही पटलं तर खाली लिहा, बोलूया.