पाखरांची रोजकीर्द

संसारात जमाखर्च लिहून ठेवण्याची शिस्त किती उपयोगी पडते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. काय आले आणि काय गेले, हे रात्री निजण्यापूर्वी वहीत उतरले म्हणजे महिनाअखेरीस घराची खरी स्थिती डोळ्यांपुढे उभी राहते. अशीच एक वही पक्षिनिरीक्षणाचे वेड असलेली मंडळी ठेवीत असतात. १ जानेवारीस तिचे पहिले पान उघडावयाचे, वर्षभरात पाहिलेल्या प्रत्येक जातीची प्रथम भेटीच्या तारखेसह नोंद करावयाची आणि ३१ डिसेंबरला वही मिटावयाची. हीच ‘वर्षयादी’ होय. पुढील वर्षी चिमणी-कावळ्यापासून पुन्हा आरंभ!

या वहीसाठी जानेवारीसारखा उदार महिना नाही. उत्तरेकडील थंड प्रदेशांतून आलेले पाहुणे या वेळी आपल्या तळ्यांवर मुक्कामास असतात. मार्चनंतर ते परतू लागतात आणि मग त्यांच्यासाठी पुढील हिवाळ्याच्या तोंडापर्यंत थांबावे लागते. म्हणून हिवाळ्यातील एक संपूर्ण दिवस या कामासाठी राखून ठेवावा. त्यासाठी स्थळ कोणते, असे कोणी विचारील तर आम्ही राजस्थानातील भरतपूरचे नाव प्रथम घेऊ. मुंबई-दिल्ली लोहमार्गावरील या गावाजवळ सुमारे २९ चौरस किलोमीटरांचे केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे. येथे आजवर साडेतीनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झालेली आहे. हे सरोवर केवळ निसर्गाची देणगी नव्हे. सखल जमिनीत बांध आणि कालवे यांच्या योगे पाणी खेळवून माणसानेच ते घडविले आहे. १९८५ साली त्यास जागतिक वारशाचा मान मिळाला.

दिवस कसा घालवावा? सूर्योदयास दारापाशी हजर असावे. अंगावर ऊबदार पण मळकट रंगाचे कपडे, गळ्यात दुर्बीण आणि खिशात वही व शिसपेन्सिल असावी. दवाने शाईचे अक्षर फुटते. येथील सायकल-रिक्षावाल्यांपैकी पुष्कळ जण पक्ष्यांचे उत्तम जाणकार आहेत. त्यांची सोबत घ्यावी आणि त्यांचे ऐकावे.

धुके असेपर्यंत पाण्याकडे पाहून फारसा लाभ नाही. तेव्हा रस्त्याकडेच्या बाभळी आणि झुडपे यांकडे लक्ष द्यावे. वेतासारख्या गवताच्या कडेने टुणटुणत जाणारा निळ्या कंठाचा शंकर याच वेळी भेटतो. ऊन चढले की पाण्यावरील मेळावा उघडा पडतो. दूरवर सारे ठिपके एकसारखेच भासतात. पण घाई करू नये. फावड्यासारखी रुंद चोच दिसली तर तो थापट्या, लांब मान आणि सुईसारखी शेपटी असेल तर तलवार बदक, सर्वांग केशरी-तपकिरी असेल तर चक्रवाक समजावा. काळा देह आणि पांढरी चोच असलेला वारकरी तर मुळी बदकच नव्हे. डोक्यावर दोन काळे पट्टे मिरविणारा पट्टकादंब हंस दिसला तर मुलांना अवश्य सांगावे, की हा पाहुणा हिमालय ओलांडून आलेला आहे. दुपारी ऊन तापले म्हणजे गरुड आणि भोवत्ये आकाशात घिरट्या घालू लागतात. तेव्हा मान वर करावी. सायंकाळी उथळ पाण्यात सारसांची जोडी डुलत निघाली, की दिवसाचे सार्थक झाले असे वाटते. अशा एका दिवसात नवशिक्याच्या वहीतही पन्नास-साठ नावे सहज चढतात.

परंतु वाचकहो, या उद्यानात आणखी एक यादी आहे आणि ती दगडावर कोरलेली आहे. केवलादेवाच्या मंदिराजवळील शिलालेखांत संस्थानी काळातील शिकारींचे आकडे नोंदलेले आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले, अशी त्यांतील नोंद आहे. योगायोग असा, की १८९६ साली याच तारखेस डॉ. सालिम अली यांचा जन्म झाला होता. पुढे याच भरतपुरात त्यांनी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या वतीने पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून त्यांच्या प्रवासाचा माग काढण्याचे कार्य केले. शिकाऱ्याची यादी आणि निरीक्षकाची यादी! आकडे दोन्हीकडे आहेत. पण एकीतील प्रत्येक अंकाने तळे रिते केले, तर दुसरीतील प्रत्येक अंक त्याच्या रक्षणाच्या कामी येतो.

तो कसा, हे पाहू. एके काळी भरतपूरचा खरा मानकरी सायबेरियाचा पांढरा क्रौंच होता. हजारो किलोमीटरांचा प्रवास करून तो येथे येई. १९६४-६५ च्या हिवाळ्यात येथे सुमारे २०० क्रौंच मोजले गेले होते. पुढे वाटेतील शिकार आणि पाणथळ जागांचा ऱ्हास यांमुळे ही संख्या घटत गेली. २००२ मध्ये शेवटची जोडी दिसली. त्यानंतर एकही नाही. ही हानी कधी आणि किती झाली, हे आज आपण सांगू शकतो, कारण कोणी तरी दर हिवाळ्यास प्रामाणिकपणे मोजीत होते.

आज हे काम घरोघरीच्या वह्या करीत आहेत. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी २०२३ साली प्रसिद्ध झालेला अहवाल ३० हजारांहून अधिक निरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ जातींचा विचार झाला. मोर आणि कोकीळ यांची संख्या वाढत आहे, तर तारांवर बसणारा आपला ओळखीचा नीलपंख घटत आहे, हे त्यातूनच कळले. नीलपंखास सामान्य समजून कोणी नोंदलेच नसते, तर तो कमी होत आहे हे कळले कसे असते?

म्हणून वर्षयादी ठेवताना तीन पथ्ये पाळावीत. पहिले, जे स्पष्ट पाहिले तेच लिहावे. संशय असल्यास प्रश्नचिन्ह करावे. रिकामी जागा शोभते, खोटी नोंद शोभत नाही. दुसरे, नावासोबत संख्या, स्थळ आणि वेळही टिपावी आणि सामान्य पक्ष्यांस वगळू नये. तिसरे, यादी वाढविण्याच्या हौसेपायी घरट्याजवळ जाऊ नये, की निजलेला थवा उठवू नये.

भरतपूरला जाणे सर्वांस शक्य नसेल. पण गावाबाहेरचा तलाव, नदीचा डोह किंवा भाताचे खाचर कोणास दूर आहे? दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातील पक्ष्यांची गणना होते. तीत आपल्या कुटुंबासही भाग घेता येईल. येत्या रविवारी मुलांच्या हाती एक कोरी वही द्या. पहिली नोंद कावळ्याची झाली तरी बिघडत नाही. आणि नेहमीचा पाहुणा एखाद्या वर्षी आला नाही, तर त्याच्या नावापुढे शून्य लिहावयास त्यांना शिकवा. सावध गृहस्थ जमेइतकाच तुटीचाही आकडा नीट मांडतो. पाखरांच्या बाबतीत तर तूट वेळीच दिसली, तरच ती भरून काढण्याची आशा!