मोहाच्या दारूचा हिशेब सातपुड्याने स्वतः मांडला आहे

१/ नंदुरबारचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. ‘दारू ही आदिवासींची संस्कृतीच आहे’ आणि ‘आदिवासी दारूपायी बुडाले’. पहिल्यात कौतुक आहे, दुसऱ्यात उपदेश. स्वतःचे हित-अहित तोलणारा आदिवासी मात्र दोन्हींत नाही. इतिहासात तो ठळकपणे आहे.

२/ आधी लाभाची बाजू. मोहफूल मुळात अन्न. वाळवून ठेवले की टंचाईत उपयोगी पडते. त्याची दारू देवाला व पितरांना वाहिली जाते, लग्नात आणि मर्तिकात वाटली जाते. सामाजिक बंध जपणारी ही वस्तू होती. हे नाकारून केलेला उपदेश पोकळ ठरतो.

३/ आता धोका. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. भेसळीच्या दारूतील मिथेनॉल दृष्टी घेते, प्राणही घेते. परंपरा म्हणून यकृताला सवलत मिळत नाही.

४/ पण तिसरी बाजू सहसा तोललीच जात नाही : नफा कोणाचा? १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्यनिर्मिती आणि विक्री सरकारी परवान्याखाली आणली. १८९२ च्या कायद्याने इलाख्याच्या काही भागांत मोहफुलांवरही निर्बंध आले. झाडाखालचे फूल फुकट होते. दुकानातल्या दारूला रोकड लागे. रोकड नसली की उधारी, आणि उधारीमागे सावकार.

५/ म्हणजे ज्या राजवटीने ‘व्यसनी भिल्ल’ अशी निंदा चालू दिली, तिचीच तिजोरी अबकारीवर भरत होती. हा ढोंगीपणा पाठ्यपुस्तकांत क्वचितच येतो.

६/ १९३० च्या दशकात तळोदे तालुक्यातील मोरवडचे गुला महाराज उभे राहिले. एकमेकांना ‘आप’ म्हणा, स्वच्छ राहा, दारू सोडा, ही त्यांची शिकवण. आरतीला प्रचंड समुदाय जमू लागला. १९३८ मध्ये ते निवर्तले; बंधू रामदास महाराजांनी कार्य पुढे नेले, आणि त्यांना जिल्ह्याबाहेर घालवण्यात आले. दारू सोडा म्हणणारा माणूस सत्तेला धोकादायक का वाटावा?

७/ काही अभ्यासक म्हणतात, हे वरिष्ठ जातींचे अनुकरण होते. अंशतः खरे असेल. पण १९७२ नंतरचा शहादा पाहावा. अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेच्या लढ्यात जमीन व मजुरीसाठी उतरलेल्या आदिवासी स्त्रियांनी दारूचे अड्डे उद्ध्वस्त केले, मडकी फोडली. त्यांना कोणाचे अनुकरण करायचे नव्हते. दिवसभराची मजुरी कुठे जाते आणि रात्रीचा मार कोणाला बसतो, हे त्या जाणत होत्या.

८/ मग कायद्याची बंदी हेच उत्तर? १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा शहाद्याच्या लढ्याआधीपासून होता. तरीही मडकी स्त्रियांनाच फोडावी लागली. बाहेरून लादलेली बंदी पोलिसाच्या हाती दंडुका देते. आतून आलेला निर्णय घराच्या हाती मजुरी ठेवतो.

९/ म्हणून नशेचा लाभ-तोटा केवळ पिणाऱ्याच्या पेल्यात मोजू नये. विकतो कोण, कर घेतो कोण, उपाशी राहते कोण, हेही त्याच तराजूत घालावे. गुला महाराजांनी आणि शहाद्याच्या स्त्रियांनी ते घातले होते. त्यांना ‘अडाणी’ ठरवणाऱ्यांनी अजून घातलेले नाही.