हालचालीच्या शास्त्राची डिग्री: ॲडमिशनआधी शेवटापासून हिशोब करा



‘फिटनेसच्या धंद्यात उतरायचंय, आधी स्पोर्ट्स सायन्सची डिग्री घेऊ का?’ हा प्रश्न आता फक्त बारावी झालेल्या मुलांचा राहिलेला नाही. जिम चालवणारे विचारतात, भरती अकॅडमीवाले विचारतात, घरी योगाचे वर्ग घेणाऱ्या ताई विचारतात. व्हिडिओत दोन मिनिटांत उत्तर देता येतं, पण तेवढ्यावर कुणी तीन वर्षं आणि लाखो रुपये लावू नयेत. म्हणून सविस्तर लिहितोय.

माझं मत सरळ आहे. असा कोर्स चांगला की वाईट हे माहितीपत्रकावरून कळत नाही. तो करून बाहेर पडलेली मुलं वर्षभराने काय कमावतात, कुठे काम करतात, यावरून कळतं. कोर्स सुरू करणाऱ्या कॉलेजनेही आखणी तिथूनच करायला हवी आणि पैसे भरणाऱ्यानेही तपासणी तिथूनच करायला हवी.

आधी समजून घ्या, हे शास्त्र कशाचं?

इंग्रजीत याला किनेसिऑलॉजी म्हणतात. म्हणजे शरीराच्या हालचालीचं शास्त्र. धावताना गुडघ्यावर भार कसा येतो, वजन उचलताना पाठीचे कोणते स्नायू काम करतात, तेच ते काम दिवसभर केल्यावर खांदा का दुखतो, हे सगळं यात येतं. आपल्याकडे बीपीएडच्या अभ्यासक्रमात बायोमेकॅनिक्सबरोबर हा एक विषय असतो. अमेरिकेत मात्र याची अख्खी डिग्री असते आणि सुरुवात कम्युनिटी कॉलेजमधूनही करता येते.

तिकडची एक गोष्ट आपल्या कामाची आहे. कॅलिफोर्नियात २०१० साली कायदा झाला. कम्युनिटी कॉलेजमध्ये ठरवून दिलेले ६० युनिट, म्हणजे साधारण दोन वर्षांचं शिक्षण पूर्ण केलं, की राज्याच्या सरकारी विद्यापीठ साखळीत पुढची जागा मिळते आणि शिकलेलं पुन्हा शिकावं लागत नाही. म्हणजे दोन वर्षांनी मूल कुठे पोचणार हे आधी ठरलं, मग विषय बसवले गेले.

आपल्याकडेही ढाचा तयार आहे. युजीसीने २०१३ च्या सुमारास कम्युनिटी कॉलेजची योजना आणली आणि २०१४ मध्ये बी.व्होक. त्यात एक वर्ष केलं की डिप्लोमा, दोन वर्षं केली की ॲडव्हान्स्ड डिप्लोमा, तीन वर्षं केली की डिग्री. ६० टक्के भाग कौशल्याचा आणि ४० टक्के सामान्य शिक्षणाचा. फिटनेस ट्रेनरसारख्या कामांसाठी कोणती कौशल्यं लागतात, ते ठरवणारी खेळ-फिटनेस क्षेत्राची स्किल कौन्सिलही देशात आहे. कागद भरपूर आहेत. ते नाशिकच्या बाजाराला कसे जोडायचे, हा खरा प्रश्न आहे.

नाशिकमध्ये याचं गिऱ्हाईक कोण?

दुकान टाकायच्या आधी आपण काय करतो? चौकात उभं राहून गिऱ्हाईक मोजतो. कोर्स काढायच्या आधीही तेच करायला पाहिजे. ‘स्पोर्ट्स सायन्स’ म्हटलं की डोळ्यासमोर येतात पदकं. ते बरोबरच आहे. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य आणलं. चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात उतरला. या मातीत दम आहे, यात वाद नाही. पण दर वर्षी चाळीस मुलांची बॅच काढून त्या सगळ्यांना ऑलिंपिक खेळाडूंच्या मागे काम मिळेल असं कुणी सांगत असेल, तर तो तुम्हाला स्वप्न विकतोय.

खरं गिऱ्हाईक दुसरीकडे आहे.

एक, भरती अकॅडम्या. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. पहाटे शेकडो पोरं डांबरी रस्त्यावर धावतात. नडगी दुखायला लागली की ‘सहन कर’ एवढाच सल्ला मिळतो. मुलगा ऐन भरतीच्या तोंडावर लंगडला, तर अख्खं वर्ष जातं. आठवड्याचा सराव वैज्ञानिक पद्धतीने आखून देणारा माणूस अकॅडमीला हवाच आहे.

दोन, द्राक्षबागा. निफाड-दिंडोरीच्या मांडवाखाली छाटणी आणि विरळणीच्या दिवसांत माणसं तासन् तास हात डोक्याच्या वर धरून काम करतात. खांदा आणि मान धरते. हेसुद्धा हालचालीचंच शास्त्र आहे. कामाची पद्धत, मधली विश्रांती, उभं राहायची पाट किंवा घडवंची यात थोडा बदल सुचवणारा माणूस बागायतदाराचे मजूर-दिवस वाचवू शकतो.

तीन, सातपूर-अंबडचे कारखाने. असेंब्ली लाइनवर आठ तास एकच हालचाल. पाठदुखीच्या सुट्ट्यांचा खर्च मालकाच्या वहीत कुठेतरी असतोच.

चार, साठीच्या पुढची माणसं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, फिजिओथेरपी संपली, डॉक्टर म्हणाले ‘आता चालत राहा, व्यायाम करा’. कुठे आणि कुणाच्या देखरेखीखाली? साध्या जिममध्ये जायला ही मंडळी घाबरतात.

पाच, शाळा आणि सोसायट्या. मुलांसाठी संध्याकाळचा खेळवर्ग, तोही शिट्टी मारून पळवणारा नको, वयाप्रमाणे शिकवणारा.

या पाचांपैकी कुणाशी बोलून कोर्स आखला, हे कॉलेजला सांगता आलं पाहिजे. ‘आमच्याकडे जिमखाना आहे, क्रीडाशिक्षक आहेत, म्हणून कोर्स काढला’ हे उत्तर म्हणजे गाळा रिकामा होता म्हणून दुकान टाकलं, असं झालं.

कॉलेजने काय केलं तर मी त्याला चांगलं म्हणेन

पहिली गोष्ट, सरावासाठी माणसं. चाळीस मुलांची बॅच आहे आणि प्रत्येकाने तीन महिने पाच जणांना देखरेखीखाली व्यायाम शिकवायचा म्हटलं, तर २०० माणसं लागतात. ती येणार कुठून? भरती अकॅडमी, ज्येष्ठ नागरिक संघ, कारखाना यांच्याशी लेखी करार हवेत. नाही तर मुलं एकमेकांवरच सराव करतात आणि एकवीस वर्षांच्या तंदुरुस्त मित्राचा गुडघा बघून पासष्टीच्या काकूंचा गुडघा कळत नाही.

दुसरी गोष्ट, धंद्याचं शिक्षण. यातून बाहेर पडणाऱ्या बऱ्याच मुलांना पगाराची नोकरी मिळणार नाही, त्यांना स्वतःचंच काम उभं करावं लागणार. मग फी कशी ठरवायची, पावती, जीएसटी, जागेचा करार, क्लायंटचं संमतीपत्र, विमा हे विषय कुठे आहेत? ४० टक्के सामान्य शिक्षणात भाषा आणि संगणक बसतो, तसा हिशोबही बसला पाहिजे.

तिसरी गोष्ट, दर वर्षी आरसा बघणं. किती ॲडमिशन झाल्या हा आकडा कॉलेजच्या कामाचा. तुमच्या कामाचे आकडे वेगळे: किती जणांनी कोर्स पूर्ण केला, मधेच सोडणाऱ्यांनी का सोडला, बारा महिन्यांनी किती जण याच क्षेत्रात कमावतायत, आणि त्यांना कामावर ठेवणारा मालक पुन्हा इथलाच मुलगा घेईल का. हे आकडे नोटीस बोर्डावर लावायला कुठलंही अनुदान लागत नाही. सलग दोन-तीन वर्षं आकडे पडत असतील, तर अभ्यासक्रम बदला नाही तर कोर्स बंद करा. न खपणारा माल आपण दुकानात किती दिवस ठेवतो?

नाशिकला एक फायदाही आहे. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, राज्याची दोन विद्यापीठं याच शहरात आहेत. महाराष्ट्र पोलीस अकादमी इथेच आहे. एकाकडे शरीराचं ज्ञान, दुसऱ्याकडे नोकरी करत शिकणाऱ्याला शिकवायचा अनुभव, तिसऱ्याकडे शारीरिक प्रशिक्षणाची शिस्त. कोर्स काढणाऱ्याने या तिघांची दारं ठोठावलीच पाहिजेत.

आता तुमचा हिशोब

आकडे समजुतीसाठी घेतोय, तुम्ही तुमचे घाला. समजा वर्षाची फी ६०,००० रुपये. घराबाहेर राहण्याचा जास्तीचा खर्च महिना ५,०००, म्हणजे वर्षाला ६०,०००. आणि शिकत नसता तर महिना १०,००० कमावले असते, म्हणजे वर्षाला १,२०,००० बुडाले. वर्षाचे झाले २,४०,००० आणि तीन वर्षांचे ७,२०,०००. फक्त फी बघणाऱ्याला १,८०,००० दिसतात. बाकीचे ५,४०,००० दिसत नाहीत, पण खिशातून जातातच.

डिग्रीमुळे तुमची कमाई महिना ५,००० ने वाढणार असेल, तर हे पैसे वसूल व्हायला १४४ महिने, म्हणजे बारा वर्षं लागतील. महिना १२,००० ने वाढणार असेल, तर पाच वर्षं. म्हणून ‘डिग्री घेऊ का’ या प्रश्नाआधी ‘डिग्रीने माझी महिन्याची कमाई किती वाढेल’ हा प्रश्न येतो. त्याचं उत्तर प्राचार्यांकडे नसतं, मागच्या बॅचच्या मुलांकडे असतं.

इथे एक वर्षाच्या डिप्लोम्याची सोय उपयोगी पडते. पहिलं वर्ष करा, बाहेर पडा, वर्षभर काम करा. धंदा जमतोय असं दिसलं तर पुढच्या वर्षांसाठी परत या. २,४०,००० ची जोखीम ७,२०,००० पेक्षा बरी. फक्त परत यायची सोय खरंच आहे का, मिळवलेली क्रेडिट्स धरली जातात का, हे ॲडमिशनआधी लेखी घ्या.

पैसे भरण्याआधी हे विचारा

१. डिग्री कोणतं विद्यापीठ देणार? भारतात डिग्री देण्याचा अधिकार कायद्याने विद्यापीठाला किंवा तसा दर्जा मिळालेल्या संस्थेलाच आहे. बोगस विद्यापीठांची यादी युजीसीच्या संकेतस्थळावर असते, ती बघा.

२. हा कोर्स करून मी कायद्याने काय करू शकतो आणि काय नाही? शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचं असेल तर एनसीटीईची मान्यता असलेला कोर्स लागतो. फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्याच्या स्वतंत्र परिषदेत होते, त्यासाठी फिजिओथेरपीचीच पदवी लागते. हालचालीचं शास्त्र शिकलात म्हणून पाटीवर ‘फिजिओ’ लिहिता येत नाही. दुखापतीवर उपचार हे त्यांचं काम, तंदुरुस्ती आणि सराव हे तुमचं. ही रेघ ओलांडायला शिकवणारा कोर्स तुम्हाला अडचणीत आणेल आणि समोरच्या माणसाला त्याहून जास्त.

३. प्रॅक्टिकलचे करार कुणाशी आहेत? करार बघायला मागा.

४. शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी स्वतः हे काम करून पैसे कमावलेत?

५. मागच्या बॅचच्या पाच मुलांशी भेट घालून द्याल का? नंबर द्यायला टाळाटाळ झाली, तर तेच उत्तर समजा.

‘अनुभव असला की झालं, डिग्री कशाला?’

असं म्हणणारे बरेच आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात दम आहे. वीस वर्षं तालमीत घालवलेल्या वस्तादाला जे कळतं ते पुस्तकात सापडत नाही. पण वस्तादांसमोर आलेली मुलं बहुतेक तरुण आणि धडधाकट होती. आज तुमच्याकडे येणाऱ्याला शुगर असते, बीपी असतं, मणक्यात गॅप असते. एक चुकीचा व्यायाम आणि त्या माणसाचं आयुष्य बदलू शकतं. तुमचं नाव तर लगेच बुडतं. नाशिक मोठं झालं असलं, तरी बातमी अजून गावासारखीच फिरते. म्हणून ज्ञान हवंच. ते तीन वर्षांच्या डिग्रीतूनच घ्यायचं, की एका वर्षाच्या डिप्लोम्यातून आणि चांगल्या माणसाच्या हाताखाली राहून, हे वरचा हिशोब ठरवेल.

या आठवड्यात एक काम करा. वरच्या पाच गिऱ्हाइकांपैकी एक निवडा आणि त्यातल्या दहा जणांशी बोला. ‘तुमची काय अडचण आहे आणि ती सोडवायला महिन्याला किती पैसे द्याल?’ एवढंच विचारा. उत्तरं वहीत लिहा. ती वही घेऊन कॉलेजच्या ऑफिसात जा आणि यातली कोणती अडचण सोडवायला तुमचा कोर्स मला शिकवेल, ते विचारा. समोरच्याने वही हातात घेऊन वाचली तर बसा आणि पुढचं बोला. त्याने फक्त फीचा तक्ता पुढे सरकवला, तर वही उचला आणि दुसऱ्या कॉलेजात जा.