तोंड येणे आणि पेम्फिगस

भोपाळात बटवा आणि सुपारी यांचे प्रस्थ जुने आहे. १ एप्रिल २०१२ रोजी मध्यप्रदेशात गुटख्यावर बंदी आली, तरी सुपारी सुटली नाही. त्यामुळे कोणाचे तोंड आले की वडीलधारी मंडळी सुपारीस दोष देतात. सुपारी न खाणाऱ्याच्या बाबतीत उष्णतेस. मग जाईचा पाला चघळणे, तोंडात तूप धरणे ओघानेच येते. या उपचारांस आम्ही नावे ठेवीत नाही. साधे तोंड आठदहा दिवसांत आपणच बरे होते व श्रेय पाल्यास मिळते, इतकेच!

परंतु तीन आठवडे लोटूनही व्रण भरत नसेल तर कर्करोगासह अनेक शक्यता तपासाव्या लागतात. त्यांतच पेम्फिगस व्हल्गॅरिस हा विरळा रोग येतो. हा वस्तुतः त्वचारोग. पण पुष्कळदा त्याचा प्रारंभ तोंडात होतो आणि अंगावर फोड यावयास काही महिने जातात. पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणाऱ्या प्रथिनांवर शरीराची संरक्षक यंत्रणाच उलटते व पेशी सुट्या होतात. तोंडातील नाजूक फोड लगेच फुटतो. दिसते ती केवळ सोललेली जागा. एक व्रण भरतो न भरतो तोच दुसरा उमटतो, वरणभातही झोंबतो. रोग संसर्गजन्य मुळीच नाही. रुग्णाचे पेला-ताट वेगळे काढणे म्हणजे त्याच्या दुःखात भर घालणे होय.

निदानासाठी व्रणाच्या कडेचा लहानसा तुकडा तपासतात. हमीदिया रुग्णालयात व भोपाळच्या एम्समध्ये त्वचारोग विभाग आहेत, तेथे दाखवावे.

स्टिरॉइड औषधे येण्यापूर्वी हा रोग बहुधा प्राणघातकच ठरे. पुढे १९८० नंतरच्या दशकात दिल्लीच्या एम्समधील डॉ. जे. एस. पसरिचा यांनी एक निराळी पद्धत रूढ केली. महिन्यातून लागोपाठ तीन दिवस डेक्सामेथासोन शिरेतून मोठ्या मात्रेत द्यावयाचे, त्यांतील एका दिवशी सायक्लोफॉस्फमाइडची जोड. मधल्या दिवसांत घरी गोळ्या. हे चक्र दीर्घकाळ चाले, पण असंख्य भारतीय रुग्णांना त्याने रोगमुक्त आयुष्य दिले. आता रिटुक्सिमॅबही उपलब्ध आहे.

ही औषधे जितकी गुणकारी तितकीच जोखमीची. तोंड बरे दिसू लागताच कित्येक जण गोळ्या परस्पर बंद करतात. स्टिरॉइड असे एकाएकी सोडल्यास रोग उलटतो, आणि जिवावरही बेतू शकते. मात्रा कमी करावयाची ती डॉक्टरांनी, टप्प्याटप्प्याने.