ईसीजी तर नॉर्मल होता म्हणे!

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतला बेचाळीस वर्षांचा माणूस जुहू चौपाटीवरून चालून आला, चहा घेतला आणि बसल्या जागी गेला. त्याला नेऊन आणेपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर निकाल लागलासुद्धा. एक म्हणाला लस, दुसरा म्हणाला जिम. आणि सगळ्यांचं पालुपद एकच : 'अहो, महिन्यापूर्वीच ईसीजी नॉर्मल होता!'

या वाक्याची मला चीड येते. नळाला पाणी येतंय म्हणून पाइपात गंज नाही, असं इर्ल्यातल्या जुन्या बिल्डिंगीत राहणारा तरी म्हणेल का?

आधी लसीचं. आयसीएमआरने देशभरातल्या ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयातले ७२९ अचानक मृत्यू तपासले. २०२३ मध्ये निष्कर्ष आला : लसीमुळे धोका वाढलेला नाही. वाढला कशाने? कोविडसाठी ॲडमिट व्हावं लागलं होतं, आदल्या दोन दिवसांत भरपूर दारू झाली होती, अंगाला झेपणार नाही असा व्यायाम केला होता, घरात आधी कोणी असंच अचानक गेलं होतं. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा.

आता धमन्यांचं. हा रोग पन्नाशीत सुरू होतो हा आपला गोड गैरसमज शवविच्छेदनाच्या टेबलावर कधीच मोडलाय. १९५३ मध्ये कोरियन युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदयं उघडली. सरासरी वय २२, आणि ७७ टक्क्यांच्या हृदयधमन्यांत रोगाच्या खुणा. पुढे अमेरिकेतच अपघात, खून, आत्महत्येत गेलेल्या १५ ते ३४ वयाच्या सुमारे ३,००० जणांच्या धमन्या तपासल्या. त्यातल्या १५ ते १९ वयाच्या प्रत्येकाच्या महाधमनीत चरबीच्या रेषा होत्या. कॉलेजात जाण्याच्या वयाची पोरं हो! सगळ्या रेषा पुढे घट्ट होत नाहीत, हेही खरं.

आणि हे सगळीकडे सारखं होत नाही. पोटातली महाधमनी सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त खराब होते, सिगारेटवाल्यांची तर विशेष. मग हृदयाच्या धमन्या, मानेत जिथे धमनीला फाटा फुटतो ती जागा. मेंदूतल्या बऱ्याच उशिरा. छातीच्या हाडामागची एक धमनी मात्र म्हातारपणापर्यंत जवळपास स्वच्छ राहते, म्हणून तर सर्जन बायपासला तीच वापरतात. तेव्हा एका ठिकाणची एक टेस्ट चांगली आली म्हणून पेढे वाटू नका.

आपल्याकडे मात्र शवविच्छेदन म्हटलं की 'कशाला देहाची विटंबना' म्हणून नातेवाईक हात जोडतात. आणि झालंच, तरी विचारायचा प्रश्न एकच : घातपात आहे का? नाही म्हटलं की फाइल बंद. हृदयाच्या धमन्यांबद्दल त्यात काय लिहिलंय ते किती घरांत वाचलं जातं?

माझी मागणी साधी आहे. धमन्या खराब निघाल्या तर रिपोर्टसोबत घरच्यांना मराठीत एक पान द्या : सख्ख्या भावंडांनी आणि मोठ्या मुलांनी बीपी, साखर, कोलेस्टेरॉल तपासून घ्यावं. एका कागदाचा खर्च.

त्या माणसाचा धाकटा भाऊ अडतीसचा आहे. काल भेटला, तपासणीचं विचारलं. म्हणाला, 'बघू हो काका, दिवसकार्य होऊ दे. आणि तसाही माझा ईसीजी नॉर्मल आहे.'