ङ आणि ञ कामाला लागले



बालवाडीपासून आपण 'क ख ग घ ङ' आणि 'च छ ज झ ञ' घोकत आलो. पण या ङ आणि ञ यांचं पुढे झालं काय, हे कुणी विचारत नाही. 'वाङ्मय' हा शब्द सोडला तर ङ कुठे दिसत नाही, आणि ञ तर 'ज्ञ'च्या पोटात लपून बसलाय. यंदा हे दोघे मला भेटले ते थेट व्हिएतनामी भाषेत.

कारण साधं आहे. आमच्या प्रोजेक्टची अर्धी टीम हनोईत बसते. काम इंग्रजीत निभतं, पण कॉल सुरू होण्याआधीच्या दोन मिनिटांत ते आपसात बोलतात, हसतात आणि आपण म्यूटवर गप्प. म्हणून मलकपेठहून हायटेक सिटीला जाताना मेट्रोत हेडफोन लावून शिकायला लागले. अमीरपेठला गाडी बदलेपर्यंत एक धडा होतो.

व्हिएतनामीत घराला 'ञा' म्हणतात आणि चविष्टला 'ङॉन'. शब्दाच्या सुरुवातीलाच ङ! युक्ती सोपी आहे: 'रंग' म्हणा आणि 'ग' यायच्या आत थांबा. जो आवाज नाकात राहतो तो ङ. त आणि थ यांतला फरक त्यांच्याकडेही आहे, तो आपल्याला वेगळा शिकावा लागत नाही. 'नाही' म्हणजे 'ख़ोङ'. त्यातला घशातला ख़ हैदराबादकरांना तर फुकटच मिळतो. इथे 'क़ुर्बानी'चीसुद्धा 'ख़ुर्बानी' होते! फक्त 'ख़ोङ' संपताना ओठ मिटायचे, हे लक्षात ठेवा.

इथवर सोपं. खरी परीक्षा सुरांची. उत्तरेकडच्या बोलीत सहा सूर आहेत. 'मा' सपाट म्हटलं तर भूत, उतरत्या सुरात 'पण', चढत्या सुरात दक्षिणेकडे आई! उरलेल्या तीन सुरांत थडगं, घोडा आणि भाताचं रोप. आपण प्रश्न विचारताना शेवटी आवाज चढवतो. तिथे आवाज चढवला की शब्दच बदलतो. म्हणून प्रश्नासाठी ते शेवटी 'ख़ोङ' लावतात, आपल्या 'का'सारखा. 'आञ ख़्वे ख़ोङ?' म्हणजे 'दादा, बरे आहात का?'

हे सूर कागदावर कसे उतरवायचे? व्हिएतनामी आज रोमन लिपीत लिहितात आणि अक्षरांच्या वर-खाली सुरांच्या खुणा करतात. या लिपीची सुरुवात सतराव्या शतकात जेझुइट पाद्र्यांनी केली. त्यांतला एक, अलेक्झांडर द ऱ्होड्स, 1619 मध्ये गोव्यात आला आणि पुढे जाण्याआधी सुमारे अडीच वर्षं तिथे राहिला. त्याचा व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन कोश 1651 मध्ये रोमला छापला गेला. गंमत म्हणजे त्याच गोव्यात 1616 मध्ये फादर स्टीफन्सचं मराठी 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं, तेही रोमन लिपीत.

आता सहलीला जाणाऱ्यांसाठी थोडी शिदोरी:

काम अन: आभारी आहे.
सिन लोइ: माफ करा.
तोइ आन चाय: मी शाकाहारी आहे.

शेवटच्या वाक्यातल्या 'चाय'चा चहाशी संबंध नाही, पण ते पाठ कराच. तिथे पुष्कळ पदार्थांत माशांपासून केलेला 'नुअक माम' हा सॉस असतो. अनेक बौद्ध माणसं चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी 'चाय' जेवतात, त्यामुळे हा शब्द सगळ्यांना कळतो.

मला सर्वांत आवडली ती 'मी' आणि 'तू'ची गोष्ट. तिथे सहसा ही सर्वनामं वापरतच नाहीत. मोठ्या पुरुषाला 'आञ', दादा. मोठ्या बाईला 'चि', ताई. आणि त्यांच्याशी बोलताना मी स्वतः 'एम', म्हणजे धाकटी. वडिलांहून लहान काकांना 'चू', तर वडिलांपेक्षा मोठ्यांना 'बाक'. म्हणून तर पहिल्या भेटीतच वय विचारतात. त्यात आगाऊपणा नाही. वय कळल्याशिवाय वाक्यच बनत नाही. आपल्याकडे मावशी म्हणते ना, 'ये, मावशी देते तुला लाडू'? तसंच. तिथे अख्खी भाषा अशी नात्यावर चालते.

हे सगळं मी कानांनी शिकतेय, कारण देवनागरीत वही भरली तरी सूर त्यात उतरत नाही. आणि तेव्हा लक्षात आलं की मराठीचंही असंच आहे. 'चार' आणि 'चाक' यांतला 'च' आपण सारखाच लिहितो, पण सारखा बोलत नाही. 'जीव' आणि 'जाळं' यांतला 'ज'सुद्धा. त्याची खूण पुस्तकात सहसा छापलेली नसते. हनोईच्या मुलांना त्यांचे सूर शाळेत, बसमध्ये, बाजारात, सगळीकडे ऐकू येतात. हैदराबादच्या रस्त्यावर आपल्या मुलांच्या कानांवर तेलुगू पडते, दखनी पडते. 'चाक'चा 'च' मात्र फक्त घरात ऐकू येतो. घरात आपण इंग्रजीवर गेलो, की तो आवाज तिथेच थांबला. मग मूल पुढे मराठी वाचायला शिकेलही, पण 'चमचा' म्हणेल तो हिंदीतला.

म्हणून पोरं मराठी बोलताना अडखळली तर हसू नका, आणि 'राहू दे, इंग्लिशमध्ये सांग' असंही म्हणू नका. नवख्या माणसाला त्या क्षणी किती संकोच वाटतो, ते मी सध्या रोज अनुभवतेय. हनोईची मंडळी माझा सूर शांतपणे दुरुस्त करतात आणि पुन्हा म्हणायला लावतात. तेवढा धीर आपल्या घरातही असावा. आजी-आजोबांशी फोनवर रोज दहा मिनिटं बोलणं कुठल्याही ॲपपेक्षा भारी.

'काक' लावलं की अनेकवचन होतं. बाकीचे शब्द तुम्हाला आता येतातच, तेव्हा निरोप त्याच भाषेत घेते:

एम चाओ काक आञ चि!