शर्यतीची मोटार आणि डोळ्यांपुढचा दांडा

आमच्या घरीं रविवारीं दुपारचीं जेवणें आटोपलीं कीं दिवाणखान्यांतील दूरचित्रवाणीचा ताबा धाकट्या मंडळींकडे जातो. अशाच एका रविवारीं आमचे नातू मोटारींची शर्यत पाहण्यांत गुंग झाले होते आणि थोरल्या वहिनी एका बाजूस वाती वळीत बसल्या होत्या. बराच वेळ त्या कांहीं बोलल्या नाहींत. मग एकदम मजकडे वळून म्हणाल्या, "भावजी, या मुलाच्या नाकासमोर भला मोठा दांडा उभा केला आहे. त्याला वाट दिसते तरी कशी हो?"

प्रश्न मार्मिक होता. फॉर्म्युला वन या पहिल्या प्रतीच्या शर्यतींतील मोटारींत हांकणाऱ्याच्या डोक्याभोंवतीं टायटॅनियम धातूची एक कमान असते व पुढच्या बाजूस ती एकाच खांबावर टेकलेली असते. मी वहिनींना हातभर अंतरावर एक बोट उभें धरून पलीकडच्या घड्याळाकडे पाहावयास सांगितलें. बोट अरुंद, डोळे दोन. एका डोळ्यास जें झांकलें जातें तें दुसरा पाहतो. वहिनींनीं तें तत्काळ पडताळून पाहिलें आणि दुसरा प्रश्न टाकला, "मग इतकी सोपी गोष्ट पहिल्यापासूनच कां नाहीं केली?" या प्रश्नाचें उत्तर देण्यास मला तासभर लागला. तेंच थोडक्यांत वाचकांपुढें ठेवितों.

मोटारींची शर्यत ही जवळजवळ मोटारीइतकीच जुनी आहे. १८९५ सालीं पॅरिसहून बोर्दो व परत पॅरिस अशी १,१७८ किलोमीटरांची शर्यत झाली. एमिल लव्हासोर या फ्रेंच गृहस्थानें हें अंतर ४८ तास ४८ मिनिटांत तोडलें. वाटेंत रुफेक गांवीं त्याचा बदली चालक तयार असावयाचा होता, पण लव्हासोर अपेक्षेपूर्वीच येऊन पोहोंचला आणि बदलीचे महाशय झोंपेंत! तेव्हां हा तसाच पुढें निघाला. सरासरी वेग तासाला अवघा २४ किलोमीटर. आज आमच्या गल्लींतील सायकलस्वारहि त्याला मागें टाकतील. विशेष म्हणजे पहिलें बक्षीस त्याला मिळालेंच नाहीं. नियमाप्रमाणें गाडींत चार आसनें हवीं होतीं आणि त्याच्या गाडींत दोनच होतीं.

पुढल्या आठ वर्षांत वेग चौपटींहून अधिक वाढला, आणि येथेंच दुःखाची सुरुवात झाली. २४ मे १९०३ रोजीं व्हर्सायपासून माद्रिदकडे २०० हून अधिक वाहनें सुटलीं. गाडीचें वजन १,००० किलोंहून अधिक नसावें असा निर्बंध होता. कारखानदारांनीं इंजिन तसेंच अवाढव्य ठेवून बाकीचा सांगाडा मात्र छिद्रें पाडपाडून हलका केला. अकरा लिटरांहून मोठें इंजिन, ब्रेक केवळ मागच्या चाकांना, पुढें धुळीचे लोट आणि रस्त्याच्या दोहों बाजूंस अगदीं चाकांना खेटून उभे असलेले हौशी प्रेक्षक! गाब्रिएल नांवाचा चालक तासाला १०५ किलोमीटरांच्या सरासरीनें बोर्दोला पोहोंचला. पण त्याच्या मागें वाटेवर चालक, साहाय्यक व प्रेक्षक यांपैकीं कित्येक प्राणांस मुकले होते. फ्रेंच सरकारनें शर्यत बोर्दो येथेंच थांबविली. गाड्या घोडे लावून स्टेशनापर्यंत ओढीत नेण्यांत आल्या.

त्या शर्यतींत रेनो घराण्यांतील दोघे भाऊ होते. धाकटा लुई बोर्दोला सुखरूप पोहोंचला आणि तेथें त्याला कळलें कीं थोरला मार्सेल वाटेंत धुळींत रस्ता चुकून जबर जखमी झाला आहे. मार्सेल वांचला नाहीं. लुईनें मोटारींचा कारखाना पुढें खूप वाढविला, पण स्वतः शर्यतींत पुन्हां उतरला नाहीं. हें ऐकतांना वहिनींचे हात क्षणभर थांबले.

यानंतर यंत्र सुधारत गेलें, हें नाकारतां येत नाहीं. १९१२ सालीं प्यूजो कंपनीनें ७.६ लिटरांच्या चतुर रचनेच्या इंजिनानें चौदा लिटरांच्या फियाटला हरविलें. नंतर चारहि चाकांना ब्रेक आले. मात्र १९०३ ची चूक पुन्हां घडावयाची ती घडलीच. १९३४ सालीं वेगास आळा घालण्याकरितां वजनाची मर्यादा ७५० किलो ठरली. जर्मन कारखान्यांनीं हलके धातु वापरून १९३७ पर्यंत त्याच मर्यादेंत सहाशें अश्वशक्तीच्या जवळपास मजल मारली. मर्यादा घातली ती गाडीला. गाडींतील माणसाचा विचार कोणी केला नव्हता. तो डोक्यास कापडी टोपी घालून बसे. शिरस्त्राण सक्तीचें झालें तें १९५२ सालीं, आणि आसनाचा पट्टा तर १९७२ सालीं! पट्ट्याला विरोध खुद्द चालकांचा होता. जळत्या गाडींत अडकून राहण्यापेक्षां बाहेर फेंकलें गेलेलें बरें, असें त्यांना वाटे. ही समजूत आज वेडगळ दिसते. परंतु पेट्रोलाच्या टांक्या अंगाशीं भिडवून बसणाऱ्या माणसाला हंसण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

समजूत बदलली ती एका माणसाच्या हट्टामुळें. १९६६ च्या जून महिन्यांत बेल्जममधील स्पा येथें जॅकी स्ट्यूअर्ट हा स्कॉटिश चालक पहिल्याच फेरींत पावसांत घसरून रस्त्याबाहेर गेला. सुकाणूच्या चक्राखालीं पाय अडकलेला, सर्वांगावर पेट्रोल, आणि मदतीस कोणी अधिकारी नाहीं. जवळच घसरलेल्या दोघा प्रतिस्पर्ध्यांनीं प्रेक्षकांपैकीं एकाकडून पाना मागून घेऊन तें चक्र सोडविलें तेव्हां तो मोकळा झाला. त्यानंतर स्ट्यूअर्ट आपल्या गाडीच्या सुकाणूलाच एक पाना चिकटवून ठेवूं लागला. माझ्या मतें शर्यतीच्या सबंध इतिहासांत त्या पान्याइतकें बोलकें यंत्र दुसरें नाहीं. त्यानें कठडे मागितले, डॉक्टर मागितले, पट्टे मागितले; लोकांनीं त्याला भित्रा ठरविलें. हा भित्रा तीन वेळां जगज्जेता झाला. १९७३ सालीं त्याची शंभरावी शर्यत असावयाची होती. तिच्या सरावांत त्याचा जोडीदार फ्रान्स्वा सेव्हेर मरण पावला आणि स्ट्यूअर्टनें ती शंभरावी शर्यत धांवण्याचें नाकारलें.

१९८१ सालीं मॅक्लॅरन संघानें कार्बनच्या तंतूंपासून गाडीचा गाभा घडविला. हे तंतु राळेंत बसवून भट्टींत पक्के केले म्हणजे धातूपेक्षां हलकें आणि अत्यंत कणखर कवच तयार होतें. त्याच वर्षीं मोंझा येथें जॉन वॉटसनच्या गाडीचें इंजिन धडकेंत तुटून वेगळें झालें, आणि तो स्वतः चालत बाहेर आला. धड सुरक्षित झालें. डोकें मात्र उघडेंच राहिलें. २०१४ सालीं जपानमधील सुझुका येथें ज्यूल बियांकी याच्या डोक्यास जीवघेणी दुखापत झाली व पुढल्या वर्षीं तो वारला. २०१८ पासून ती कमान सक्तीची करण्यांत आली.

तीहि कोणास आवडली नाहीं. गाडी विद्रूप दिसते, असें पुष्कळांचें म्हणणें. विरोध करणारांत रोमॅं ग्रोझ्यां हा फ्रेंच चालक होता. २९ नोव्हेंबर २०२० रोजीं बहरीन येथें त्याची गाडी लोखंडी कठड्यांत घुसून दुभंगली आणि पेटली. कमानीनें कठड्याचे पत्रे डोक्यावरून बाजूस सारले. डावा पाय अडकला होता. तो त्यानें जोड्यांतून उपसून काढला, आणि सुमारें अर्ध्या मिनिटानें भाजलेल्या हातांनीं तो ज्वाळांतून बाहेर आला. इस्पितळांतूनच त्यानें कमानीविषयींचें आपलें मत बदलल्याचें सांगून टाकलें.

त्या गाडीचा जळका सांगाडा २०२३ सालीं लोकांना पाहण्यासाठीं प्रदर्शनांत मांडण्यांत आला. तें प्रदर्शन भरलें होतें माद्रिद येथें.